जुन्या इमारतीतील सदनिका आणि गृहकर्ज
मुंबईतील ३० वर्षांहून जुन्या इमारतीतील सदनिका गृहकर्ज काढून घ्यायची असेल, तर बयाणा देण्यापूर्वी सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल अवश्य मागून घ्यावा. त्या अहवालानुसार इमारत 'सी-१', म्हणजे रिकामी करून पाडण्याच्या वर्गात असेल, तर कर्जाची आशा धरू नये. 'सी-२ बी' असल्यास, म्हणजे इमारत रिकामी न करता दुरुस्ती शक्य असल्यास, प्रत्येक सभासदाच्या वाट्याला येणारा खर्च आणि विक्रेत्याची थकबाकी सोसायटीकडून लेखी घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते. जुन्या बांधकामाचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीहून कमी निघाले, तर तफावत आपल्यालाच भरावी लागते. दुरुस्तीसाठी वेगळ्या कर्जाची चौकशी आधीच करावी.