लढाऊ विमानांचं वेड लागलेल्या नववीतल्या मुलाला मुंबईत काय दाखवावं, काय वाचायला द्यावं?

तुमचा प्रश्न वाचून आधी आई आठवली. तुम्ही लिहिलंय की मुलगा दिवसभर मोबाइलवर राफेल आणि सुखोईचे व्हिडिओ बघतो, अभ्यासाचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो, तर हे वेड कुठल्या वळणाला लावता येईल का. आमच्या आईचीही शेजारच्या काकूंकडे हीच तक्रार असायची. फरक एवढाच की तेव्हा व्हिडिओ नव्हते, मी पेपरातली कात्रणं वहीत चिकटवायचो. आज मी सत्तेचाळीसचा आहे, सहकारी बँकेत नोकरी करतो. वैमानिक व्हायचा प्रश्न सातवीत जाड भिंगाचा चष्मा लागला तेव्हाच मिटला. वेड मात्र तसंच राहिलं, आणि त्यापायी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठीही कधी वाचलं नाही.

पहिली गोष्ट, ‘राफेल भारी की सुखोई’ या भांडणातून त्याला हळूच बाहेर काढा. सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते, माझीही झाली, पण त्यात हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा एकच विमान धरावं, आणि तेही जुनं, सेवेतून गेलेलं. जुन्या विमानाबद्दल त्याचे वैमानिक आणि मेकॅनिक मोकळेपणाने बोलतात. आज उडणाऱ्या विमानाबद्दल जे छापून येतं ते अर्धं जाहिरातीसारखं असतं.

असं एक विमान तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं एचएफ-२४ मरुत उभं आहे. सहलीला आलेली पोरं त्याच्यापुढे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. मुलाला घेऊन त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारा. दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं आहेत, त्यांत अर्ध्या शंकूसारखा उंचवटा दिसेल. तो ध्वनीपेक्षा जास्त वेगासाठी असतो. मधलं अंग कमरेत आवळल्यासारखं आहे, तेही त्याच वेगासाठी. मग मागे जा आणि शेपटीखालची दोन नळकांडी बघा. एवढ्या लांबलचक विमानाला ती फारच बारकी वाटतात. मरुतची सगळी कहाणी त्या नळकांड्यांत आहे.

आराखडा कर्ट टँक यांचा. दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० बनवणारे जर्मन अभियंते, त्यांना आपण बंगळूरला आणलं. १७ जून १९६१ रोजी मरुतने पहिलं उड्डाण केलं. ध्वनीच्या दुप्पट वेग गाठायचा बेत होता, पण त्यासाठी जे ताकदवान इंजिन धरलं होतं ते आलंच नाही. मग आफ्टरबर्नर (मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नसलेली दोन ऑर्फियस ७०३ इंजिनं बसवून काम भागवलं, आणि विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच घुटमळत राहिलं. अंग शर्यतीच्या घोड्याचं आणि पाय टांग्याच्या घोड्याचे, असं मी माझ्या भाच्याला सांगितलं होतं. तरी १४७ मरुत तयार झाली, आणि १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी जमिनीवरच्या लक्ष्यांवर चांगले हल्ले केले.

आता गंमत बघा. याच ऑर्फियस घराण्याचं एक इंजिन आपल्या नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानात होतं. नॅटचं रिकामं वजन सव्वादोन टनांच्या आत, मरुतचं सहा टनांच्या वर. म्हणजे इंजिनं दुप्पट, वजन जवळपास तिप्पट. मुलाला हा भागाकार स्वतः करू द्या. त्यानंतर नॅट इतकं चपळ का आणि मरुत इतकं जड का, हे त्याला कुणी समजावायला लागणार नाही. माझ्या भाच्याने ते गणित केंद्राच्या तिकिटामागेच केलं होतं.

नॅटपाशी पोचलात की वाचन आपोआप सुरू होतं. ३ सप्टेंबर १९६५ हा एकच दिवस घ्या. त्या दिवशी ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून पाकिस्तानचं सेबर लढाऊ विमान पाडल्याची नोंद आपल्याकडे आहे, त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानी बाजू म्हणते, ते सेबर जखमी झालं पण घरी परतलं. त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर उतरलं. आपल्याकडे सांगतात की वैमानिक वाट चुकला, ते सांगतात की त्यांच्या स्टारफायटर विमानाने त्याला उतरायला भाग पाडलं. ते नॅट आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. एका दिवसाच्या दोन गोष्टी, दोन्ही छापील! हे कळलं की मुलगा व्हिडिओखालची ‘आपण त्यांची इतकी पाडली’ ही आकडेवारी डोळे झाकून गिळणार नाही.

त्यासाठी पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचं १९६५ च्या हवाई युद्धावरचं इंग्रजी पुस्तक द्या. २००५ मध्ये आलेलं, जाडजूड आहे, पण दोन्हीकडचे दावे शेजारी ठेवून तपासलेले आहेत. १९७१ च्या पूर्व आघाडीवर त्याच जोडीचं ‘ईगल्स ओव्हर बांगलादेश’ आहे. नववीतल्या मुलाला सलग झेपणार नाही, एखादा दिवस, एखादी लढाई असं वाचू द्या, नकाशा शेजारी हवाच. बाकी हुतात्मा चौकातल्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे जुनी विमान मासिकं कधीमधी निघतात. त्यातली विमान उभं कापून आतली टाकी, दांडे, तारा दाखवणारी चित्रं सोन्याची. मासिकाचं पान फाटलेलं नाही ना, एवढं तिथेच उघडून बघा. मी दोनदा फसलोय, दोन्ही वेळा नेमकं मधलं मोठं चित्रच गायब होतं.

नौदलाची जुनी विमानवाहू नौका विक्रांत तरंगतं संग्रहालय होती तेव्हा मी तिथे तीनदा गेलो. पोटातल्या हँगरमध्ये अ‍ॅलिझे विमान पंख मुडपून उभं होतं, त्या पंखाच्या बिजागरीसमोरून मी हललो नाही म्हणून मागच्या रांगेने आरडाओरडा केला. दारापेक्षा जाड बिजागरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. २०१४ मध्ये ते जहाज मुंबईतच दारूखान्याला, जहाजं तोडतात तिथे, भंगारात गेलं. त्याच्या धातूचा अंश वापरलेली मोटारसायकल पुढे बाजारात आली, तर आमच्या बिल्डिंगखाली ती उभी दिसली की मी उगाच टाकीवर हात फिरवायचो. तुमच्या मुलाच्या वाट्याला ते जहाज आलं नाही, याचं वाईट वाटतं.

उडणारी विमानं मुंबईत क्वचितच दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाने तीन दिवस कसरती केल्या, त्यांच्या सूर्यकिरण या कसरती पथकाची नऊ हॉक विमानं होती. असं काही जाहीर झालं की दोन तास आधी जाऊन कठड्यावर जागा धरा आणि टोपी न्या. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर हेलिकॉप्टरं बघायला मिळतात. मात्र एक गोष्ट मुलाला आधीच बजावा: कुलाब्याचा नौदलाचा हेलिकॉप्टरतळ असो की पुण्याचा लोहगाव, लष्करी तळाच्या कुंपणाशी कॅमेरा काढायचा नाही. ड्रोनचा तर विचारही नको. २००१ मध्ये ग्रीसमध्ये विमानांच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्रिटिश हौशी लोकांना हेर समजून पकडलं होतं, पुढच्या वर्षी अपिलात सुटेपर्यंत त्यांची फरफट झाली. मला कुलाब्याला एका हवालदाराने फक्त दुर्बिणीवरून अर्धा तास उभं केलं होतं. तो बरोबरच होता.

शेवटी हात चालवायला काहीतरी द्या, नाहीतर परत मोबाइल. एअरफिक्स कंपनीचा १/७२ मापाचा, प्लास्टिकचे भाग जोडायचा नॅटचा संच मिळाला तर घ्या. जोडल्यावर पंखांची रुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर होते, तळहातावर मावतं. सुखोई-३० याच मापात फूटभर लांब होतं, पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका. संच ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाच्या, म्हणजे रेड अ‍ॅरोजच्या लाल, दोन आसनी नॅटचा असतो, आपलं लढाऊ नॅट एका आसनाचं होतं, तेवढा फरक चालवून घ्यायचा आणि चंदेरी करायचा. चंदेरी रंग फार चुगलखोर, खालचा एकेक ओरखडा वर दाखवतो, म्हणून पॉलिशपेपर आधी नीट मारायचा. आणि रंगकाम पावसाळ्यात अजिबात नको. मी एकदा जुलैत वार्निश मारलं, दमट हवेने अख्ख्या विमानावर दुधाची साय आल्यासारखा पांढरा थर धरला. वर आईचं सुरूच होतं, घर आहे की पेट्रोल पंप म्हणून.

तिरंगी वर्तुळाचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, वेगळे घ्यावे लागतील. बाहेर केशरी, आत हिरवा, उलटं लावू नका. जुना कागद पिवळा पडला असेल तर आठवडाभर खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवा, बराचसा उजळतो. लावताना पाणी कोमट घ्या, कडक नको, आणि वर्तुळ कागदावरून आपण होऊन सुटेपर्यंत त्याला नख लावू देऊ नका.