स्पीड टेस्ट भारी येते, पण फाइल अर्ध्यातच अडकते

सरकारी ऑफिसांचं सामाईक नेटवर्क नवीन करताना काय काय अडचणी येतात, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचं ऑफिस छोटं आहे, मुख्यालयापासून खूप लांब. दोन महिन्यांपूर्वी जुनी लीज्ड लाइन काढून नवीन नेटवर्क जोडलं. स्पीड टेस्ट एकदम भारी येते, साधी पानं पटकन उघडतात, पण अर्जासोबतचं स्कॅन अपलोड करायला घेतलं की गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. हेल्पडेस्क म्हणतं लाइन ओके आहे, आणि तिकीट बंद करतं. लोक समोर ताटकळत उभे असतात. करायचं काय?

तुमची तक्रार खरी आहे आणि हेल्पडेस्कही खोटं बोलत नाहीये, लाइन ओकेच असणार. मला तरी यात एमटीयूचा घोळ दिसतोय. एमटीयू म्हणजे नेटवर्कवर एका पॅकेटची, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याची, कमाल साइज, ती साधारण १५०० बाइट असते. नवीन नेटवर्कमध्ये तुमचा डेटा एनक्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन, टनेलमधून (दोन ठिकाणांमधल्या सुरक्षित आभासी रस्त्यातून) जातो, आणि टनेल प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतं, त्यात पन्नास-ऐंशी बाइट सहज जातात, म्हणजे १५०० चं गच्च भरलेलं पॅकेट आता त्यात मावतच नाही. अशा वेळी मधला राउटर "हे मोठं आहे, लहान करून पाठव" असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारा छोटा संदेश) परत पाठवतो. पण कित्येक ठिकाणी सुरक्षा म्हणून फायरवॉलवर, म्हणजे येणारा-जाणारा डेटा अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, आयसीएमपी सरसकट बंद करून टाकलेलं असतं, मग निरोप पोचत नाही आणि तुमचा कॉम्प्युटर बिचारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटी पॅकेट आरामात जातात म्हणून साधी पानं उघडतात. आणि स्पीड टेस्ट बऱ्याचदा टनेलमधून जातच नाही, थेट इंटरनेटवर जाते, त्यामुळे तो आकडा इथे काही कामाचा नाही.

पुढच्या तिकिटात "नेट स्लो आहे" असं लिहू नका. असं लिहा, की डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नका अशी खूण) लावून आमच्या ऑफिसातून सर्व्हरपर्यंत १४७२ बाइटचा पिंग (पोचतंय का बघणारं चाचणी पॅकेट) मारून बघा, उत्तर आलं नाही तर आकडा कमी करत जा, जिथे उत्तर यायला लागेल त्यात पिंगच्या स्वतःच्या वेष्टणाचे २८ मिळवा, तो आमच्या रस्त्याचा खरा एमटीयू. त्यानुसार राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (मावेल एवढंच पॅकेट पाठवायला लावणारी सेटिंग) लावायचं आणि तो "लहान करून पाठव"वाला आयसीएमपी निरोप फायरवॉलवर सुरू करायचा. बिघाड हाच निघाला तर खरं काम थोड्या मिनिटांचं आहे.

मला राग येतो तो याचा, की नवीन नेटवर्क पास करायची टेस्ट मुख्यालयात होते, तीही स्पीड टेस्टने. ती सगळ्यात लांबच्या ऑफिसात, तिथल्याच माणसाच्या टेबलावर, रोजचं खरंखुरं स्कॅन अपलोड करून व्हायला पाहिजे. ते गेलं तरच बिल पास करायचं.

प्रश्न : मी आयटीत आहे. तीन विभागांची नेटवर्क एकत्र करायचं ठरलंय आणि तिन्हीकडे मशीनच्या पत्त्यांची १९२.१६८.१ हीच रेंज आहे. वरून सांगतात नॅट (वाटेत एक पत्ता बदलून दुसरा लावणारी सोय) लावा आणि मोकळे व्हा. बरोबर आहे का हे?

तात्पुरतं चालेल, पण मोकळे नाही होणार तुम्ही, अडकाल. या प्रायव्हेट, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कसाठीच्या, रेंज १९९६ मध्ये ठरल्या, कुणालाही न विचारता वापरा अशाच होत्या, त्यामुळे प्रत्येकाने तीच रेंज घेतली. नॅटवर नॅट चढवलं की एकाच मशीनला तीन ठिकाणी तीन पत्ते, आणि रात्री काही बिघडलं की लॉगमधला पत्ता नक्की कुणाचा हे शोधण्यातच तास जातो. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे पत्ते मुळात ४३० कोटींच्या आसपास, त्यातले शेवटचे मोकळे ब्लॉक फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले, म्हणजे नवीन पब्लिक पत्ते मागून मिळतील हेही विसरा.

खरा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या खात्यांना सांगितलं, की २०२५ च्या आर्थिक वर्षाअखेर नेटवर्कवरची किमान ८० टक्के साधनं फक्त आयपीव्ही६ वर आणा. यातला "फक्त" महत्त्वाचा. जुनी आणि नवी पद्धत दोन्ही शेजारी शेजारी चालवत राहिलं की फायरवॉलचे नियम दोनदा लिहायचे, बिघाड दोनदा शोधायचे, आणि जुनं कधीच बंद होत नाही. पण त्याआधी यादी करा. कुठला प्रिंटर, कुठलं हजेरीचं मशीन, कुठल्या कोपऱ्यातला सर्व्हर ज्याचा पासवर्ड रिटायर झालेल्या माणसाकडेच होता. हे काम कंटाळवाणं आहे, कुणी कौतुक करत नाही, आणि ते न करता सुरू केलेलं मायग्रेशन मध्येच लटकतं.

प्रश्न : सगळं आता इंटरनेटवरच चालतं, मग सरकारला वेगळं बंद नेटवर्क हवंच कशाला?

ब्रिटनने हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि २०१७ च्या सुरुवातीला जाहीर केलं, की सरकारी कामांसाठी इंटरनेट बहुतेक वेळा पुरेसं आहे, सामाईक सरकारी नेटवर्कमधून हळूहळू बाहेर पडू. मला ते पटतं, कारण "आतला आहे म्हणजे आपला आहे" हा भरवसाच घातक. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय आलं, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे ती फट बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच निघाला होता, तरी इंग्लंडच्या आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना (तिथली हॉस्पिटलं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना) फटका बसला. आत एका मशीनमध्ये शिरलं की शेजारच्या मशीनवर जायला त्याला कुणाचा क्लिकही लागत नव्हता. म्हणून आता झिरो ट्रस्ट म्हणतात, म्हणजे तुम्ही कुठल्या केबलवर बसलाय हे न बघता प्रत्येक वेळी माणूस कोण, मशीन कुठलं, त्याला या कामाची परवानगी आहे का हे तपासायचं. फक्त एक अट आहे, हे सगळं आधी नीट उभं राहू दे आणि मगच बंद नेटवर्क सोडा. उलट्या क्रमाने केलं तर नुसतं दार उघडं टाकल्यासारखं होईल.

प्रश्न : दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या, तरी रस्ता खोदला आणि दोन्ही एकदम गेल्या. असं कसं?

दोघांच्या फायबर एकाच डक्टमधून, म्हणजे जमिनीखालच्या एकाच नळीतून, जात असणार. कंपन्या दोन पण खड्डा एकच. करार करताना नकाशा मागा, बिल्डिंगमध्ये दोन्ही लाइन वेगवेगळ्या बाजूंनी घ्या, जमत असेल तर दुसरी वायरलेस. आणि राउटरपर्यंत पोचायचा एक तिसरा, अगदी वेगळा रस्ता ठेवा, कारण ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं तेव्हा दुरुस्तीची साधनंही त्याच बंद पडलेल्या नेटवर्कवर अवलंबून होती. बॅकअप चालतो का हे बघायला वर्षातून दोनदा, ऑफिसच्या वेळेत, सगळ्यांना आधी सांगून, एक लाइन मुद्दाम काढा आणि काय काय बंद पडतंय ते लिहून घ्या.