सायलेन्सरसाठी आरडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक परभणीचे, वय २९, वाळूजच्या एका कंपनीत नोकरी, हातात पगार ४६,००० रुपये. चौदा महिन्यांपूर्वी ४५० सीसीची टुरिंग मोटारसायकल घेतली. तिच्या कर्जावर ११ टक्के व्याज, हप्ता ८,८४० रुपये आणि अजून २२ हप्ते बाकी. महिन्याला ५,००० रुपयांची आरडी चालू आहे, ती ऑगस्टमध्ये पूर्ण होते. सप्टेंबरात मित्रांसोबत लडाखला जायचं ठरलंय आणि त्याआधी गाडीला बाहेरची एक्झॉस्ट सिस्टीम (सायलेन्सर आणि त्याचे पाइप) बसवायची आहे. दुकानदाराचं कोटेशन असं: फुल सिस्टीम ५२,०००, ईसीयूचं (इंजिनाचं इंधन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग १४,०००, फिटिंग २,०००. नुसती स्लिप-ऑन घेतली तर २४,०००. आरडी मोडावी की बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' ईएमआयवर घ्यावी, असं त्यांनी विचारलंय.

दोन्ही नको. हौस चुकीची आहे असं मी म्हणत नाही. गाडी तुमची, कमाई तुमची. पण तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, "जूनमध्ये वडिलांना बी-बियाणं, खताला पैसे द्यावे लागतात, ते वेगळं." माझ्या मते सगळा निर्णय त्या एका ओळीत आहे. ते वेगळं कुठून येतं? पगारातून हप्ता, आरडी, खोलीभाडं, जेवण, पेट्रोल वजा केलं की फारसं काही उरत नाही. म्हणजे पेरणीच्या तोंडावर तुम्ही कुठूनतरी ओढाताण करता. आणि मृगात पेरलं, मग पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तर काय होतं हे परभणीच्या माणसाला मी सांगायला नको. सोयाबीनला एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं. दुबार पेरणी आली की तेवढंच बियाणं पुन्हा विकत आणायचं, आणि तेव्हा कृषी केंद्रात भाव कमी झालेला नसतो. तुमची आरडी तुमच्या दृष्टीने बचत असेल, घराच्या दृष्टीने तो दुबार पेरणीचा पैसा आहे. ती जून-जुलैच्या आधी मोडणं म्हणजे पावसावर पैज लावणं.

'नो कॉस्ट'चं म्हणाल, तर रोख दिले असते तर मिळाली असती ती सूट त्यात बहुतेक वेळा गायब होते, प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बिलात दिसतो. तोही एक वेळ चालला असता. पण ६८,००० चे बारा भाग केले तर महिन्याला जवळपास ५,७०० होतात. ८,८४० च्या हप्त्यावर हे चढवलं की पगाराचा जवळपास एक तृतीयांश एकट्या गाडीपायी जाणार. आणि हा ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही, तर उरलेल्यावर महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज सुरू होतं.

आता वस्तूकडे बघू. स्लिप-ऑन म्हणजे फक्त सायलेन्सरचा मागचा डबा बदलणं. फुल सिस्टीममध्ये इंजिनापासून निघणारा बेंड पाइपही बदलतो, आणि बहुतेक वेळा त्याबरोबर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो. बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. पाइप मोकळा झाला की इंधन-हवेचं गणित बिघडतं, म्हणून दुकानदार ट्यूनिंग गळ्यात मारतो. यातून मिळतं काय? सगळं नीट जमलं तरी फार तर दोन-तीन बीएचपी. लडाखच्या खार्दुंगला खिंडीच्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की तुमच्या गाडीसारख्या इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद तिथेच जाते. डब्यात वाचलेले तीन-चार किलो तर तीन पाण्याच्या बाटल्या आणि चेन लूबचा कॅन बॅगेत टाकला की परत आले.

आवाजाबद्दल एक सांगतो, कारण दुकानात उभं राहून रेस दिल्यावर ते कळत नाही. समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही. तुमचा प्रवास साध्या महामार्गाने, कन्नडचा घाट उतरून धुळ्याकडे, एकाच वेगाने तासन् तास व्हायचा. त्या एकसुरी गुणगुणीने चौथ्या तासाला डोकं धरतं. डीबी किलर (आवाज दाबणारी आतली नळी) काढलेला असेल तर विचारूच नका. शिवाय डब्याच्या आत ग्लासवूल भरलेलं असतं. ते हळूहळू जळून उडतं, आवाज फाटायला लागतो आणि रिवेट काढून ते पुन्हा भरावं लागतं. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो. डब्याचा आकार वेगळा असेल तर सॅडल बॅगचा खालचा कोपरा त्यावर टेकून वितळतो. नवीन बॅगेचा खर्चही यातच धरा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादेसाठी कलम १९०(२) वेगळं आहे: १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, शिवाय कैदेचीही तरतूद. डब्यावर युरोपचा ई-मार्क (तिथल्या मान्यतेचा शिक्का) आहे म्हणून आपल्याकडचा पोलीस सोडत नाही. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. तुमचे २४,००० किंवा ६८,००० त्या रोलरखाली गेले, तर विमा ते भरून देत नाही. उलट न कळवलेल्या बदलामुळे विमा कंपनी अपघाताच्या दाव्यात खोडा घालू शकते, आणि इंजिनाची वॉरंटीही वादात पडते.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? आरडी ऑगस्टपर्यंत चालू दिली असती. पाऊस नीट झाला आणि घरून मागणी आली नाही, तर हातात सव्वा लाखाहून जास्त येतील. त्यातले ४०,००० गाडीच्या कर्जात भरले तर जवळपास पाच हप्ते कमी होतात आणि सहा हजारांच्या आसपास व्याज वाचतं. भरण्याआधी बँकेला प्रीपेमेंट चार्ज विचारा, तो असेल तर हिशोब बदलेल. उरलेल्यातून आई-वडिलांचा आरोग्य विमा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुधा नसणार. त्यानंतर लडाखचं पेट्रोल, मुक्काम, आणि टायर घासले असतील तर नवे टायर.

एवढं होऊनही २०-२५ हजार उरले आणि हौस टिकून असली, तर आधी शोरूममध्ये विचारा की तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीत डबा मिळतो का. मिळाला तर वॉरंटीवर काय परिणाम होतो ते लेखी घ्या, पक्कं बिल घ्या, विमा कंपनीला कळवा आणि मूळ सायलेन्सर घरी जपून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं. फुल सिस्टीम आणि ट्यूनिंगचा विषय मात्र सोडून द्या.