अमेरिकेच्या वाळवंटी भागात सुरुवातीला जाऊन गुरं पाळणाऱ्या कुटुंबांचं आयुष्य कसं होतं? सिनेमात दाखवतात तसंच का?

सिनेमातला घोडा खरा, धूळही खरी. बाकी पिस्तुलापेक्षा पाना हातात असण्याचे दिवस कितीतरी जास्त.

मी अकरा वर्षं ॲरिझोनात, टूसॉनला राहतो. मूळ गाव माण तालुक्यात, त्यामुळे कोरडा मुलूख मला नवा नाही. सगळ्या कुटुंबांबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकाच घराचं सांगतो. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर डे कुटुंबाचा ‘लेझी बी’ नावाचा रँच, म्हणजे गुरं पाळायचा मोठा मुलूख, होता. त्या घरातली थोरली मुलगी सँड्रा डे ओकॉनर १९८१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली पहिली महिला न्यायाधीश झाली. तिने आणि तिच्या भावाने तिथल्या लहानपणाबद्दल पुष्कळ लिहून ठेवलंय, म्हणून या घराचं बारीकसारीक आपल्याला कळतं.

तिचे आजोबा हेन्री क्ले डे मूळचे व्हरमाँटचे, म्हणजे हिरव्यागार, पावसाच्या मुलखातले. १८८० साली त्यांनी इथे बस्तान बसवलं. हा पट्टा अमेरिकेने जेमतेम २६ वर्षांपूर्वी मेक्सिकोकडून १ कोटी डॉलरला विकत घेतला होता. ‘सुरुवातीला जाऊन’ असं तुम्ही विचारलंय, पण तिथे आधीपासून अपाची लोक राहत होते. त्यांचा म्होरक्या जेरोनिमो १८८६ पर्यंत लढत होता. शरण आल्यावर त्याला आणि त्याच्या लोकांना आगगाडीत घालून थेट फ्लोरिडाला नेलं.

नावाची गंमत सांगतो. गुरांच्या अंगावर मालकाची खूण तापल्या लोखंडाने डागतात. या डागण्यांच्या भाषेत आडव्या पडलेल्या अक्षराला ‘लेझी’ म्हणजे आळशी म्हणतात. यांचा ‘बी’ आडवा, म्हणून लेझी बी. त्या घरात आळशी एवढंच.

आता आकडे बघा. रँच सुमारे १,९८,००० एकर, म्हणजे ८०० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईपेक्षा मोठा! एवढ्या जागेवर गुरं साधारण दोन हजार. म्हणजे एका जनावरामागे शंभरेक एकर, कारण गवतच तेवढं विरळ. आणि यातली स्वतःच्या मालकीची जमीन नऊ हजार एकरसुद्धा नव्हती. बाकी सगळी सरकारी. १९३४ पर्यंत तिथे चराईला फारशी रोकटोक नव्हती, नंतर कायदा आला आणि परवाने व चराईची फी सुरू झाली. मग रँच यांचा कसा? तर विहिरी यांच्या होत्या. ज्याच्या ताब्यात पाणी, त्याचंच भोवतालचं गवत, कारण पाण्यापासून फार लांब जनावर चरायला जाऊच शकत नाही. सुरुवातीच्या मंडळींना हे फटका खाऊन कळलं. त्यांनी दक्षिण ॲरिझोनात झेपेल त्याहून कितीतरी जास्त गुरं घातली आणि १८९१ ते ९३ च्या दुष्काळात त्यातली निम्म्याहून अधिक मेली.

म्हणून तिथला खरा नायक म्हणजे पवनचक्की. वाऱ्याने चाक फिरतं, त्यावर लांबलचक दांडा खालीवर होतो आणि विहिरीच्या तळाशी नळकांड्यातला दट्ट्या पाणी वर ढकलतो. दट्ट्याला चामड्याच्या वाट्या असतात. त्या झिजल्या की चक्की नुसतीच फिरते, पाणी शून्य. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, कारण हे तर आमच्या गावच्या हापशाचं वायसर! फरक इतकाच, की हापसा बिघडला तर बायका दुसऱ्या आळीला जायच्या. इथे दुसरी विहीर कित्येक मैलांवर. उन्हाळ्यात मोठ्या गाईला दिवसाला पन्नासेक लिटर पाणी लागतं. हौद कोरडा पडला तर तुमच्या हातात एक-दोन दिवस. मग कप्पी लावून सगळे दांडे एकेक करून वर काढा, वाट्या बदला, पुन्हा सगळे खाली सोडा. सँड्राचे वडील हॅरी यांचा अर्धा जन्म यात गेला असेल. त्यांना खरं तर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायचं होतं. १९२१ साली वडील वारले आणि रँच गळ्यात पडला. पुढे मुलगी सोळाव्या वर्षी त्याच स्टॅनफर्डला गेली.

घर होतं चार खोल्यांचं, कच्च्या विटांचं. सँड्रा सात वर्षांची होईपर्यंत वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. शाळा जवळपास नाही, म्हणून सहाव्या वर्षीच पोरीला टेक्सासमधल्या एल पासोला आजीकडे पाठवलं. मध्ये एक वर्ष घरून न्यू मेक्सिकोतल्या लॉर्ड्सबर्ग गावच्या शाळेत जाऊन पाहिलं, तर अंधारात निघायचं आणि अंधारातच परत यायचं. ते काही टिकलं नाही. तिची आई विद्यापीठात शिकलेली, त्या आडरानात न्यू यॉर्कर साप्ताहिक मागवून वाचणारी बाई. सिनेमात ही बाई कधी दिसत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. सँड्रा पंधरा वर्षांची असताना गुरं गोळा करून डागण्याचं काम लांबवर चाललं होतं. जेवण घेऊन ती एकटीच ट्रक चालवत निघाली आणि वाटेत टायर बसला. मदतीला चिटपाखरू नाही. नट इतके घट्ट, की जॅकवर उचललेलं चाकच त्यांच्याबरोबर फिरायला लागलं. मग गाडी पुन्हा खाली घेतली, सगळा भार पान्यावर टाकून नट ढिले केले, परत गाडी उचलली. पोचली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. तिला वाटलं, कौतुक होईल. वडील म्हणाले, मग अजून लवकर निघायचं होतंस.

आपल्याकडचा एखादा काका लगेच म्हणेल, केवढा कडक बाप! मला तो माणूस कडक वाटत नाही. ज्याच्या डोक्यात सतत ‘कुठल्या हौदात किती पाणी’ हा हिशेब चालतो, त्याला टायर बसणार हेही हिशेबात धरायची सवय असते. उशीर का झाला, हे तहानलेल्या गाईला सांगून चालत नाही.

हॅरींनंतर मुलगा ॲलनने रँच चालवला. सँड्रा न्यायालयात असतानाच तो विकला गेला. मागच्या मार्चमध्ये लॉर्ड्सबर्गहून डंकनकडे हायवे ७० ने जाताना मी मुद्दाम गाडी थांबवली. कोणाची हद्द होती देव जाणे. तारेच्या कुंपणापलीकडे एक पवनचक्की होती, निम्मी पाती गळालेली. तिच्या पायाशी सोलरचं पॅनल, शेजारी भरलेला हौद आणि माझ्याकडे टक लावून बघणाऱ्या तीन गाई.