बंद रेल्वेमार्ग आणि पायवाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पाचपाखाडीत राहतो, माझे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वे बंद पडल्यापासून तिच्या मार्गावर झुडपे माजली आहेत. हा मार्ग पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी खुला व्हावा, म्हणून ठाण्यात स्थायिक झालेले आम्ही काही गाववाले माहिती आणि छायाचित्रे जमवून लोकांपुढे मांडत असतो. गावातून मात्र ‘तुम्ही आमची गाडी कायमची गाडायला निघालात’ असे ऐकावे लागते. त्यांना काय उत्तर द्यावे आणि कामाला सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : गाववाल्यांची शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊन आपले काम पुढे सरकणार नाही. ठाण्यात एक लोकल चुकली तर मागून दुसरी येते. जिथली एकुलती एक गाडी गेली, त्या माणसाला रुळांच्या जागी पायवाट करण्याची सूचना म्हणजे ही गाडी रुंद रुळांची, म्हणजे ब्रॉडगेज, व्हावी या मागणीवर पाणी सोडणे असेच वाटणार. तेव्हा आपल्या मांडणीत पहिले वाक्य हेच असू द्या, की मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा पट्टा सलग राहावा यासाठी आपण वाट मागत आहात, आणि उद्या गाडी येणार असेल तर वाटेने बाजूला व्हायचे आहे.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हती, केवळ वहिवाटीचा हक्क होता. मार्ग कायमचा सोडून दिला की तो हक्क संपे, जमीन लगतच्या मालकांकडे जाई आणि कित्येक वर्षे सलग राहिलेल्या पट्ट्याचे तुकडे पडत. म्हणून १९८३ साली तेथील राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यात दुरुस्ती झाली : पुढे केव्हा तरी गाडी सुरू करता यावी यासाठी मार्ग राखून ठेवायचा, तोवर लोकांना तो चालण्यासाठी वापरू द्यायचा, आणि अशा वापराला मार्ग सोडून देणे मानायचे नाही. जमीनमालकांनी आव्हान दिल्यावर १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. त्यांतील काही मार्ग खरोखरच रेल्वेकडे परत गेले. बहुतेकांच्या मात्र वाटाच राहिल्या. ही दुसरी गोष्टही गावात मोकळेपणाने सांगा, कारण ती लपवली आणि नंतर कुणी दाखवून दिली, तर आपल्यावरचा विश्वास उडेल. आपल्याकडे अशी तरतूद कायद्यात नाही. त्यामुळे पक्के बांधकाम करायचे नाही, मोऱ्या आणि पूल मोडायचे नाहीत, रेल्वेने मागताच जागा परत द्यायची, या अटी मागणीपत्रातच लिहिलेल्या बऱ्या. एक तांत्रिक बाबही लोकांना समजावून द्यावी. शकुंतलेचे रूळ एकमेकांपासून ७६२ मिलिमीटर अंतरावर, तर ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटरवर असतात आणि ब्रॉडगेजला वळणेही अधिक सौम्य लागतात. त्यामुळे नवी गाडी आली तरी ती जुना मार्ग जागोजागी सोडून जाऊ शकते. तसे झाल्यास उरलेल्या भागाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाही राहीलच.

आता जी गोष्ट परदेशातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा मला अधिक मोलाची वाटते, ती सांगतो. हा मुलूख काळ्या मातीचा. मृग बरसला की पांदण रस्त्यांवर गुडघाभर चिखल होतो, बैलबंडीचे चाक आरीपर्यंत रुतते आणि शाळेत जाणारी मुले चपला हातात घेऊन चालतात. रेल्वेचा बांध याच मातीच्या वर उचलून, पाण्याला वाट देणाऱ्या मोऱ्या ठेवून आणि वर गिट्टी पसरून केलेला असतो. गाडीला चढ सोसत नाही, म्हणून बांधाचा उतारही इतका सौम्य राखलेला असतो, की गिअर नसलेल्या साध्या सायकलवरून शाळकरी मूलही दम न लागता जाईल. गिट्टीवरून चालणे मात्र त्रासाचे असते. ती दाबून, वर बारीक खडीचा चुरा पाणी मारून रोलरने बसवला की बारमाही वाट तयार होते. सुमारे तीन मीटर रुंदी त्यासाठी पुरते. पर्यटक येतील, घरगुती खानावळी चालतील, हे चित्र आपण रंगवत असाल तर त्याला दुसरे स्थान द्या. न्यूझीलंडमध्ये २००० साली पूर्ण झालेल्या १५२ किलोमीटरच्या ओटॅगो सेंट्रल वाटेने तिथल्या छोट्या गावांना धंदा मिळवून दिला हे खरे आहे, परंतु विदर्भाच्या उन्हाळ्यात सावलीविना कुणी चालणार नाही. बांधाच्या पायथ्याला कडुनिंब आणि करंज आधी लावावे लागतील.

कामाची सुरुवात कागदांपासून करा, आणि हे काम ठाण्यात बसूनही होण्यासारखे आहे. शकुंतलेची मालकी खासगी कंपनीची आणि गाडी चालवणारी रेल्वे, अशी जुनी व्यवस्था असल्याने कोणती जमीन कुणाच्या नावावर आहे, हे गावागणिक पाहावे लागेल. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, जमिनीचे नकाशे मागता येतील. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सातबारा आणि गावनकाशे त्याच्याशी ताडून पाहा. अतिक्रमण कुठे झाले आहे, मोरी कुठे खचली आहे, रूळ कुठून गायब आहेत, याची किलोमीटरवार नोंद छायाचित्रासह ठेवली, तर आपल्या मांडणीला वजन येईल. त्यानंतरच ग्रामसभेचा ठराव मागा, आणि तो गावातल्या माणसाने मांडावा. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना गुरे आणि बंड्या पलीकडे नेण्याच्या जागा लेखी हव्या असतील, त्या द्या. जुन्या लाकडी स्लीपरांची बाके करण्याचा मोह टाळा. त्यांना लाकूड टिकावे म्हणून क्रिओसोट हे डांबरासारखे तेल चोपडलेले असते आणि ते अंगाला व मातीला अपायकारक आहे.

प्रश्न : खंडाळ्याच्या घाटातील जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या मार्गाची अशी वाट होऊ शकेल काय? आमचा सायकलस्वारांचा गट तिथे जाऊन पाहणी करू इच्छितो.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बोरघाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली, तेव्हा चढ कमी करण्यासाठी ती एका ठिकाणी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने वर नेत असत. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ही जागा वापरातून गेली. हा वारसा लोकांना जवळून पाहता यावा असे मलाही मनापासून वाटते. मात्र शेजारूनच चालू रेल्वे धावते, पावसाळ्यात दरडी कोसळतात, आणि रेल्वे हद्दीत परवानगीविना शिरणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा गटाने थेट पाहणीला जाऊ नये. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे लेखी अर्ज करून, रेल्वेचा माणूस सोबत असलेली मर्यादित वारसाफेरी मागावी. सायकली त्या दिवशी घरीच ठेवाव्यात.

प्रश्न : मुंबईच्या आसपास बंद रेल्वेमार्गाचा दुसरा काही उपयोग झाल्याचे उदाहरण आहे का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : आहे. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे आपल्या नवी मुंबईतील नव्हे तर चेंबूरपलीकडील ट्रॉम्बेला जाणारी सेंट्रल साल्सेट ट्रामवे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. कलिना–कुर्ला भागातील आजचा सीएसटी रोड तिच्याच जागेवर आहे. पट्टा सलग हाती होता म्हणून तिथे रस्ता होऊ शकला. सिंगापूरने २०११ साली मलेशियाची रेल्वे आपल्या हद्दीतून हटल्यावर २४ किलोमीटरचा पट्टा राखला, त्यामागे तेथील निसर्गप्रेमी संस्थेने गाडी थांबण्याच्या आदल्या वर्षीच सरकारपुढे ठेवलेला प्रस्ताव होता. रूळ उखडून नेले, मात्र लोखंडी कैच्यांचे दोन पूल जागेवर ठेवले, आणि आज लोक त्यांवरून चालतात.