डॉकरमधल्या पोस्टग्रेसचा बॅकअप: व्हॉल्यूमचं फोल्डर कॉपी केलं तर चालेल का?

सोलापुरात चादरीच्या दुकानाचं बिलिंग कंटेनरमधल्या (डॉकर प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवतो त्या कप्प्यातल्या) पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे म्हणताय, तर डेटाबेस चालू असताना व्हॉल्यूमचं, म्हणजे डेटा साठवलेलं, फोल्डर कॉपी करू नका. कॉपी होता होता फायली बदलतात आणि अर्धी जुनी, अर्धी नवी कॉपी ऐनवेळी दगा देते. त्यापेक्षा ‘डॉकर एक्झेक’ने (कंटेनरच्या आत कमांड चालवणारी कमांड) आतलं पीजी-डंप हे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन चालवा, आउटपुट होस्टवरच्या, म्हणजे मूळ मशीनवरच्या, फायलीत वळवा. डंप सुरू झाला त्या क्षणाचा सुसंगत डेटा मिळतो. काउंटरवर बिलं फाटत राहिली तरी बिघडत नाही.

फक्त एक्झेकला ‘टी’ (-t) हा टर्मिनल जोडणारा पर्याय लावू नका. टर्मिनल जोडलं की ओळीच्या शेवटी जादा अक्षर घुसतं, बायनरी डंप वाया जातो. ‘आयटी’ (-it) अशी जोडी लावली तर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवताना, कमांडच अडते. डेटाबेसचे यूजर-पासवर्ड पीजी-डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे घ्या. आणि रिकाम्या कंटेनरमध्ये एकदा रिस्टोर करून बघाच.