पुरातल्या बोटीचं इंजिन आठ महिने पडून राहणार असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळाच्या बचावपथकाकडे रबरी बोट आहे, तिला २५ हॉर्सपॉवरचं, कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून आवळायचं इंजिन आहे. दसऱ्यानंतर ते नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत जातं ते थेट जूनमध्ये बाहेर येतं. गंजू नये म्हणून व्हिडिओत सांगतात तसं अँटिफ्रीझ (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव) भरायचं का, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं का आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालू करायचं का? तिन्हींचं उत्तर नाही असंच आहे.

अँटिफ्रीझ आधी निकालात काढू. पाणी गोठलं की त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं आणि ब्लॉकला तडा जातो, म्हणून बर्फाळ देशांत ही काळजी घेतात. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ मधला. शिवाय आउटबोर्ड उभं ठेवलं की थंड करणारं पाणी आपोआप खाली निथळतं. ते पैसे चांगल्या गिअर ऑइलवर खर्च करा.

आपला त्रास वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १०-१२ अंश. पत्र्याच्या खोलीत तर फरक आणखी जास्त. पहाटे लोखंड गार पडलं की नदीकडच्या दमट हवेतलं दव त्यावर धरतं, आणि हे रोज होतं. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर तो ओलावा आतच कोंडतो. जुनी सुती चादर टाका, उंदीर येत असतील तर वरून गोणपाट.

महिन्याला पाच मिनिटं चालू करायचा सल्ला सगळ्यात घातक, आणि तो देणारे सगळ्यात जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन निघतं. इंजिन पुरेसं तापलं तर ती वाफ बाहेर जाते, पाच मिनिटांत बंद केलं तर त्यातली काही आतच थंड होऊन सिलेंडरच्या भिंतीवर बसते. त्यात पाण्याविना चालू केलं तर पंपातली रबरी चकती बघता बघता जळते. एकदा इंजिन नीट तयार करून ठेवलं की मे महिन्यापर्यंत स्टार्टरच्या दोरीला हात लावायचा नाही.

आता आठ महिन्यांसाठी तयार करून ठेवायचं कसं. परतीचा पाऊस गेला की लगेच, दिवाळीची वाट न पाहता. खंडेनवमीला तुम्ही पूजा करतच असाल. हार काढलात की त्याच आठवड्यात हे काम घ्या, आणि झाकणाखाली अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या आधी वेचा, त्या ओल धरून ठेवतात.

मुठेच्या पुराच्या पाण्यात मीठ नसलं तरी गाळ भरपूर आणि सांडपाणीही. पंखा (प्रोपेलर) काढून इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करा, पाणी घ्यायच्या जाळीच्या बरंच वर पाणी हवं. पंधराएक मिनिटं मंद गतीवर चालवा म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडून आतल्या वाटाही धुतल्या जातील. कडेच्या भोकातून येणारी पिचकारी गढूळची स्वच्छ झाली पाहिजे. ती बारीक असेल तर वाट तुंबली आहे किंवा पंपाची चकती गेली आहे. तेही आत्ताच बघा.

मग पेट्रोल. याच्यावर मी जरा जास्त बोलतो, कारण जूनमध्ये बंद पडलेली बरीच इंजिनं गंजानं नाही, पेट्रोलनं मेलेली असतात. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी जातात. तळ म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी, तिथलेच बारीक जेट. वाटीत पांढरी भुकटी आणि चिकट थर जमतो तो असाच. म्हणून ड्रममध्ये इंजिन चालू असतानाच टाकीची नळी काढा आणि मंद गतीवर ते आपोआप बंद होऊ द्या. एवढ्यानं वाटी पूर्ण रिकामी होत नाही. वाटीच्या खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत धरा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली तर टाकीतही पाणी आहे. टाकी पूर्ण उपसून वाळवा. स्वच्छ असेल तर ते टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) मिसळलेलं पेट्रोल गवत कापायचं यंत्र असलेल्या कुणाला देऊन टाका. मोटरसायकलमध्ये ओतू नका, गटारात तर नाहीच.

इंजिन अडखळू लागतं त्या शेवटच्या क्षणांत कार्ब्युरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइलचा (इंजिनच्या आत गंजरोधक थर बसवणाऱ्या तेलाचा) फवारा मारा, भरपूर धूर येऊन ते बंद पडेल. दुकानात मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा. तेही जमत नसेल तर इंजिन बंद करणारी लाल दोरीची क्लिप काढा, प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि स्टार्टरची दोरी चार-पाच वेळा सावकाश ओढा म्हणजे तेल सगळीकडे पसरेल. क्लिप न काढता, प्लगच्या वायरी लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका, इग्निशनचं युनिट उडू शकतं. तेल सोडायचं काम दोघांनी करावं, एकट्यानं घाई होते.

खालच्या पेटीतलं गिअर ऑइल जूनमध्ये नाही, आत्ताच बदला. खालचा स्क्रू सोडा, मग वरचा. तेल दुधाळ चहासारखं आलं तर सील गेलं आहे आणि ते पाणी आठ महिने बेअरिंगवर बसून राहणार होतं. पुरात पंख्याला पिशव्या, साडीचे तुकडे, केबल गुंडाळली जाते आणि तीच दांड्याच्या सीलमध्ये घुसते. पंखा काढलेलाच आहे, तर तिथे बोट फिरवून बघा. नवं मरीन गिअर ऑइल खालच्या भोकातून वर येईपर्यंत भरा, वायसर नवेच टाका. दांड्याच्या खाचांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा.

बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमवर लाल गंज येत नाही, पांढरी पूड येते. लाल येतो तो पोलादी भागांवर: फ्लायव्हील, गिअरच्या सळ्या, बोटीला आवळायचे स्क्रू. तिथे गंजरोधक फवारा द्या. सायकलच्या साखळीला मारतो तो पातळ स्प्रे पाणी हटवायला ठीक, पण आठ महिने टिकत नाही. खालचा अ‍ॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, निम्मा झिजला असेल तर बदला. नदी-धरणाच्या गोड्या पाण्यात जस्ताचा नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. त्यावर रंग मात्र मारू नका. कधी चिपळूणसारख्या ठिकाणी खाडीच्या पाण्यात नेलंत, तर धुण्याचं काम त्याच दिवशी, हिवाळ्याची वाट न पाहता.

खोलीचं एक विचारतो. पूर ओसरल्यावर वाटायला आणलेल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या गोण्या त्याच खोलीत आहेत का? बहुतेक मंडळांत असतात. त्यातून निघणारा क्लोरीन चांगल्या पोलादालाही थोड्या दिवसांत लाल करतो, मग वर सांगितलेलं सगळं वाया. गोण्या तरी हलवा, नाहीतर इंजिन. इंजिन लाकडी स्टँडवर उभं ठेवा. जागेअभावी आडवं करावं लागलंच तर डोकं खालच्या पेटीपेक्षा वर हवं, नाहीतर एक्झॉस्टमधलं उरलेलं पाणी सिलेंडरकडे येतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवे प्लग, ताजं पेट्रोल, ड्रममध्ये उभं करून चाचणी. सुरुवातीला निळा धूर भरपूर येईल, ते आत सोडलेलं तेल आहे, घाबरू नका. पुण्यात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो, त्यामुळे काही बिघाड निघाला तर सुटा भाग मागवायला हाताशी दिवस राहतात. २५ जुलै २०२४ ला पुण्यातल्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा मेकॅनिक शोधायला कुणाला वेळ होता?

फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन असलेल्यांनी मात्र पेट्रोल संपेपर्यंत चालवायचा भाग वगळा. त्यांच्या पंपाला तो मानवत नाही. त्यांनी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) घालून तेच पेट्रोल इंजिनभर फिरवावं आणि इंजिन ऑइल बदलून ठेवावं.